बिनफुंकरीची जोडी

पटाच्या दिवशी सकाळी धुरपतेची एकही भाकर धड निघेना. पीठ रोजचंच, तवाही रोजचाच, पण थापता थापता भाकर काठाला फाटायची आणि तिचं लक्ष जायचं मालकाच्या गोठ्याकडे. तिथून घुंगरांचा आवाज येत होता. तिचा नवरा लहानू बैलांना धुऊन-पुसून, शिंगांना तेल लावून सजवत होता आणि मधूनमधून शीळ घालत होता. कित्येक वर्षांत तिनं ही शीळ ऐकली नव्हती. पिणाऱ्या माणसाचे ओठ शिळेइतके स्थिर राहत नाहीत, हे तिला ती परत ऐकू आल्यावर कळलं.

कापूस घरात आला की अल्लीपूरच्या शिवारात शंकरपट भरायचा. मोकळ्या वावरात चारशे हात लांबीच्या दोन पट्ट्या आखायच्या, हलक्या छकड्याला बैलजोडी जुंपायची आणि झेंडी पडली की सोडायची. कोणती जोडी किती सेकंदांत पोचली ते घड्याळ सांगणार. जोडी हाकणारा तो धुरकरी. बैल मालक पाळायचा, सरकी-पेंड मालक चारायचा, बक्षीसही मालकच न्यायचा; पण गावोगाव नाव व्हायचं धुरकऱ्याचं. वासुदेवरावांच्या पाखऱ्या-हरण्याच्या छकड्यावर सहा वर्षं लहानूच बसत आला होता आणि त्यात तीनदा त्यानं पहिला नंबर आणला होता. तिन्ही वेळा पिऊन.

या साली मात्र त्याला दारू सोडून सत्त्याऐंशी दिवस झाले होते. कोरड्या अंगानं तो पहिल्यांदाच पटात उतरत होता. जोडी हरते की जिंकते, ही काळजी वासुदेवरावांची. धुरपतेची काळजी वेगळी होती. दिवस मावळताना सत्त्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशी होणार होते, की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं होतं?

जिल्ह्यात दारूबंदी होती. म्हणजे दुकान नव्हतं, दारू होती. नाल्याच्या काठी मोहाची भट्टी लागायची आणि शिपाई येण्याआधी त्याची बातमी यायची. लहानू अकरा वर्षं पीत होता. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, म्हणजे मद्यापासून दूर राहण्याच्या शीलाला, त्याचाच आवाज सगळ्यांत खणखणीत असायचा, आणि ते म्हणताना तो शेजाऱ्याचा खांदा धरून उभा असायचा. लोक हसायचे. सुरुवातीच्या काळात धुरपताही हसली होती.

दिवाळीनंतर एके दिवशी त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि एका फटक्यात पिणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, अंगावर घामाच्या धारा लागल्या, आणि भिंतीवर मुंग्यांची रांग चालली आहे असं तो सांगू लागला. भिंत कोरी होती. शेजारी म्हणाले, बाहेरचं आहे, लिंबू उतरवा. धुरपतेनं लिंबू उतरवलं. नशीब असं, की त्याच दिवशी उपकेंद्रातल्या नर्स, कोकिळाबाई, पोरांना लस टोचायला आल्या होत्या. त्यांनी नाडी पाहिली, बोटांचा थरकाप पाहिला, किती वर्षं पितो आणि कधी सोडली एवढे दोनच प्रश्न विचारले, आणि समोर आली त्या एसटीत दोघांना बसवून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. फार पिणाऱ्यानं एकदम थांबणं जिवावर बेतू शकतं, हे धुरपतेनं त्या दिवशी आयुष्यात प्रथम ऐकलं. शपथेनं माणूस सुधारतो एवढंच तिला ठाऊक होतं. शपथेनं तो मरूही शकतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात बारा दिवस गेले. त्या दिवसांत कोकिळाबाई दोनदा येऊन गेल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी धुरपतेला नीट समजावलं. हा वाईट होता म्हणून पीत नव्हता, आणि चांगला झाला म्हणून ते सुटणार नाही. अकरा वर्षं एकाच पाटातून पाणी खेळवलं, की पाट बुजवला तरी जमिनीला ती वाट ठाऊक असते. ओंजळभर पाणी पडलं तरी ते त्याच वाटेनं धावतं. डोक्यात तसंच होतं. म्हणून त्याला थोडी म्हणून चालणार नाही. आणि तलफ येईल. ती यायचीच, तिचा राग करायचा नाही. ती चढते तशी उतरते. अर्धा तास धरून बसलं, की बहुतेक वेळा खाली येते. एकट्यानं धरणं कठीण, सोबतीनं सोपं.

तेव्हापासून घरात एक नेम झाला. तलफ आली की लहानूनं ती तोंडानं सांगायची. सांगितलं, की धुरपतेनं रागवायचं नाही, रडायचं नाही, आणि रोज संध्याकाळी त्याचं तोंड हुंगायची जुनी सवय बंद करायची. हातातलं काम टाकून शेजारी बसायचं. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून ती सूपभर तूर पुढ्यात घ्यायची. दोघं मिळून निवडायचे, आणि सूप संपेस्तोवर तलफ उतरलेली असायची. त्या हिवाळ्यात गावात सगळ्यांत स्वच्छ तूर लहानूच्या घरची होती. खडा म्हणून औषधाला सापडला नसता.

पण महिन्याभरामागे एकदम उलटं झालं. तलफ दिवसातून तीन-तीनदा यायला लागली. सूप संपे, तलफ संपेना. लहानू घाबरला, धुरपता त्याहून. आपण काय चुकतो आहोत, हे दोघांनाही उमगेना. तो नेमानं सांगत होता, ती नेमानं बसत होती. शेवटी तिनं कोकिळाबाईंना गाठलं. त्यांनी तो काय खातो, काय पितो, कधी झोपतो, सगळं क्रमानं विचारलं. धुरपता सांगत गेली आणि अखेरीस कौतुकानं म्हणाली, की मालकीणबाईंनी पटासाठी अंगात जोर यावा म्हणून आसवाची बाटली दिली आहे, ते ती सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे न चुकता देते. कोकिळाबाईंनी बाटली मागवली, कागदावरची बारीक अक्षरं वाचली आणि बाटली तिच्या नाकाशी धरली.

आसव आंबवूनच करतात. ते आंबतं म्हणूनच टिकतं. धुरपतेनं स्वतःच्या हातानं, चमच्यानं, दहा दिवस त्याला दारूच पाजली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोकिळाबाई म्हणाल्या, यात तुझा दोष नाही, पण एक बघ: चार चमच्यांनी त्याला काय झालं? त्यानं तुला सांगितलं नसतं तर कळलं असतं का?

घरी येऊन तिनं लहानूला सगळं खरं सांगितलं.  तो म्हणाला, "म्हंजे मी बिघडलो नव्हतो." आणि मग तो हसायलाच लागला. बाटली उकिरड्यावर गेली. आठवड्याभरात तलफ पुन्हा दिवसाआड आली, मग त्याहून विरळ झाली, आणि काल तर ती दिवसभर आलीच नाही.

शिवारात माणसांचा पूर आला होता. चहाच्या टपऱ्या, फुगेवाले, झाडावर बांधलेला भोंगा, वर धुळीचा ढग. एका अंगाला रिकाम्या बैलगाड्या सोडल्या होत्या. बायाबापड्या त्यांवर चढून बसल्या होत्या. धुरपताही एका गाडीच्या साटीवर उभी राहिली. जोड्या दोन-दोन सुटत होत्या. झेंडी पडायची, माणसं एका आवाजात आरोळी ठोकायची, आणि छकडे पुढून गेले की आधी वारा लागायचा, मग माती उडून तोंडावर यायची.  भोंग्यावरून शाळेचे प्रभाकरराव मास्तर नंबर पुकारत होते. घड्याळही त्यांच्याच हातात, कारण सेकंदाचा पाचवा भाग दाखवणारं घड्याळ आख्ख्या पंचक्रोशीत शाळेकडेच होतं. वासुदेवरावांच्या जोडीचा नंबर एकतीस, शेवटून दुसरा. आता चोविसावा चालू होता.

सुटायच्या जागी लहानू पाखऱ्याच्या मानेवरून हात फिरवत उभा होता. आणि वासुदेवरावांनी धोतराच्या सोग्याखालून बाटली काढून त्याच्या हातात दिली.

 पटात जुनी रीत होती. जोडी सुटण्याआधी धुरकऱ्यानं मोहाची तोंडभर घ्यायची आणि दोन्ही बैलांच्या नाकपुड्यांवर जोरात फुंकरायची. त्यानं बैलांना ताव चढतो, असं आज्या-पणज्यापासून सगळे मानत. ही इतकी ठरलेली गोष्ट होती, की ती कुणाला वेगळी आठवलीच नव्हती. घरात येणारी प्रत्येक बाटली, प्रत्येक पाहुणा, प्रत्येक लग्नाचं बोलावणं धुरपतेनं डोळ्यांत तेल घालून तपासलं होतं, आणि फुंकर मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हती. लहानूच्याही नसावी. तो हातातल्या बाटलीकडे नुसता बघत होता.

धावत जाऊन ती हिसकावून घ्यावी, असं तिला वाटलं. तिचा एक पाय साटीवरून खालीही आला. मग ती थांबली. आजपर्यंत तिनं अशा पंधरा-वीस बाटल्या हिसकावल्या होत्या, आणि हिसकावलेल्या प्रत्येक बाटलीमागून दुसरी आली होती.

लहानूनं बूच काढलं. त्याचा हात वर गेला. आणि मग त्यानं बूच पुन्हा घट्ट बसवलं, बाटली शेजारच्या तानबाच्या हातात दिली, आणि जोडी तशीच सोडून तो चालायला लागला. तानबाही धुरकरीच होता. त्याची स्वतःची जोडी सकाळीच धावली होती आणि आतापर्यंतच्यांत शेवटून तिसरी होती. लहानू भर पट्टी ओलांडून बायकांच्या गाड्यांकडे येत होता. धुरकऱ्यानं धुरा सोडून जाणं म्हणजे नाक कापून हातात देणं. हुर्यो उठली. कुणीतरी ओरडलं, "धुरकरी पळाला, बैल राह्यले." हसण्याची लाट इकडून तिकडे गेली.

तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला. कपाळावर घाम, बोटं पुन्हा थरथरत होती.

"धुरपते, मले तलफ आली," तो म्हणाला. "लय मोठी हाय. बस माह्यापाशी."

ती खाली उतरली आणि गाडीच्या चाकाला टेकून बसली. तोही बसला. इथे सूप नव्हतं. त्याच्या धोतराला गोखरू चिकटले होते, ते ती एकेक काढू लागली. थोड्या वेळानं त्यानंही काढायला सुरुवात केली. वर बसलेल्या बाया कुजबुजत होत्या, भोंगा पंचविसावा नंबर पुकारत होता, आणि धुरपतेच्या मनात आलं, आपण इतक्या माणसांत बसलो आहोत आणि आपल्याला लाज वाटत नाही, हे कसं?

वासुदेवराव तणतणत आलेच. "काऊन रे लहानू? बायकोच्या पदराखाली दडून राह्यला? थ्या बैलायले तावावर कोन आनन?"

लहानूऐवजी धुरपता बोलली, ताप आला आहे हे सांगावं तितक्या साध्या आवाजात. "मालक, त्यायले तलफ आली हाय. अर्धा तास लागन. मंग उठतीन."

असं काही कुणी उघड्यावर बोलत नसतं.  वासुदेवराव जरा नरमले आणि समजुतीनं म्हणाले, की प्यायची कुठे आहे, तोंडात घ्यायची नि बैलावर उडवायची, चूळ भरल्यासारखी.

"मालक," लहानू म्हणाला, "तोंडात गेली का तोंड माह्यं राहत नाई. फुंकर नाई द्याची असंन, तर आत्ता उठतो, जोडी पळवतो."

बिनफुंकरीची जोडी कुणी सोडली आहे का आजवर? वासुदेवरावांनी मान झटकली आणि जाऊन छकड्यावर तानबाला बसवलं.

 सहा वर्षांची जागा डोळ्यांदेखत दुसऱ्याची झाली होती, आणि लहानूनं फक्त धोतराचा एक गोखरू उपटला. सत्ताविसावा नंबर गेला, अठ्ठाविसावा गेला. त्याचा श्वास हळूहळू खाली बसला. तिसावा पुकारला तेव्हा बोटं थांबली होती. आणि "एकतीस" ऐकताच तो ताडकन उठला.

"चाल, पाहू," तो म्हणाला. "माही जोडी मी कधी पाह्यलीच नाई."

खरंच होतं ते. तो कायम मागे बसलेला, डोळ्यांपुढे दोन शेपट्या आणि डोक्यात मोहाचा धूर. दोघं दोरीपाशी धावत गेले. पलीकडे तानबानं गाल फुगवले आणि फुंकर दिली. पाखऱ्याच्या नाकावर, हरण्याच्या नाकावर. उरलेली त्यानं स्वतः ढोसली. झेंडी पडली.

जोडी उसळली. लहानू दोरीच्या बाजूनं जोडीबरोबर धावायला लागला, आणि धुरपतेला काही कळण्याआधी तीही लुगड्याचा ओचा खोचून त्याच्या मागे धावत होती. धूळ, घुंगरं, माणसांचा गलका. आयुष्यात ती कधी अशी धावली नव्हती. लहानू काहीतरी ओरडत होता आणि हातानं स्वतःचं नाक दाखवत होता. त्याला वेड लागलं की काय, असं तिच्या मनात आलं. जोडी शेवटच्या खुणेपार गेली. भोंगा बोलला: तेरा सेकंद आणि चार पंचमांश. पहिला नंबर तेरा आणि दोन पंचमांशाचा होता. वासुदेवरावांची जोडी तिसरी आली.

वासुदेवराव तोंड पाडून उभे होते, तिथे लहानू धापा टाकत पोचला.

"मालक, पाखऱ्या शिंकते."

"काय?"

"शिंकते, मालक. नाकात दारू गेली का तो मुंडी झटकते. पहिले आठ-दहा ढांगा त्याचं ध्यान पळन्यात नाईच, नाकात हाय. तो तिरपा वढते, हरन्या सरळ वढते. तिथंच येळ जाते. मंग पुढं काय पळते तो, बाप्पा." तो हातवारे करून दोन्ही बैल होऊन दाखवत होता: एकदा मुंडी झटकणारा पाखऱ्या, एकदा बुचकळ्यात पडलेला हरण्या. भोवती गर्दी जमली. "फुंकरीनं ताव नाई चढत. फुंकरीनं जोडी फुटते. मांगं बसून हे दिसत नाई. मी पेलेला असलो, तानबा पेलेला असला, कोनाले दिसन?"

"तुह्या तोंडाले वास नाई," वासुदेवराव म्हणाले, "पन बोलून राह्यला पेल्यावानीच."

लोक हसले. लहानूही हसला, पण जागचा हलला नाही. एकदा बिनफुंकरीची पळवून पाहू, एवढंच तो म्हणत राहिला. मास्तरांपाशी घड्याळ आहे, पट्टी आखलेली आहे, दिवस अजून दोन कासरे वर आहे. प्रभाकरराव मास्तरांना ही कल्पना इतकी आवडली, की बक्षीसवाटपाच्या भाषणातली चार वाक्यं त्यांनी गाळली. वासुदेवराव कुरकुरत कबूल झाले. शिंकेची गोष्ट त्यांच्याही मनात रुतली असावी. बैलांना पाणी दाखवलं, अंग पुसलं, दीडेक तास विसावा दिला.

पांगलेली माणसं परत दोरीपाशी आली. धुरपता मास्तरांच्या शेजारी शेवटच्या खुणेवर उभी होती. दूरवर लहानू छकड्यावर चढला. त्यानं दोन्ही बैलांच्या पाठीवर नुसता तळवा टेकवला.  नुसता घुंगरांचा बारीक आवाज. मग झेंडी पडली.

पाखऱ्यानं मान झटकली नाही. दोन्ही बैलांची पहिली ढांग एकत्र पडली, दुसरी एकत्र, आणि मग मोजता येईनात. छकडा जमिनीला लागतो की नाही, असं झालं. धुरपता ओरडत होती. आपण काय ओरडतो आहोत हे तिला माहीत नव्हतं, शेजारी मास्तरही ओरडत होते. जोडी पुढून गेली तेव्हा तिला लहानूचे डोळे दिसले, उघडे, लखलखीत, सगळं बघणारे.

मास्तरांनी घड्याळ दाबलं. चष्मा वर केला, खाली केला. तेरा सेकंद आणि एक पंचमांश.

जो गलका उठला तो गावापर्यंत गेला असेल. तानबा पुढे होऊन म्हणाला, हे दुसऱ्यांदा पळाले म्हणून पट्टी ओळखीची झाली. मास्तर म्हणाले, खरं आहे, एका वेळेनं काही सिद्ध होत नाही. वारा पडला होता, बाजूला दुसरी जोडी नव्हती, पाच-सहा वेळा दोन्ही तऱ्हेनं पळवून पाहावं लागेल.

"पाहू ना," लहानू म्हणाला. "पुढच्या आइतवारी आपल्या वावरात. मंग पंधरा रोजानं कारंज्याचा पट हाय." त्यानं वासुदेवरावांकडे पाहिलं. "बसू काय मी, मालक?"

वासुदेवराव बैलांकडे बघत होते. पाखऱ्या शांत उभा होता, नाक कोरडं, श्वास मोठा. "बसजो," ते अखेर म्हणाले. "मी नारळ फोडीन. त्याले तुही काई हरकत?"

लहानूची नारळाला काही हरकत नव्हती.

गर्दी ओसरली. गुरांच्या आखरातून घराकडे जाताना लहानू अखंड बोलत होता: पाखऱ्याचा पुढचा पाय कसा पडतो, हरण्या त्याची वाट कशी बघतो, वळण असतं तर काय झालं असतं. धुरपतेनं थोडं चालू दिलं, मग विचारलं, "गेली काय?"

तो थांबला. खोटं सांगता आलं असतं, दिवसच तसा होता. त्यानं स्वतःच्या आत नीट पाहिलं, पीक पाहावं तसं.

"हाय थोडीशी," तो म्हणाला. "पेटत नाई, पन हाय. वाटनं जरा हळू चाल, बोलत बोलत जाऊ."

ती हळू चालू लागली, आणि त्यानं पुन्हा पहिल्या ढांगेपासून सांगायला सुरुवात केली.